चिंचेची वाटी

काकूंनी हंडा उपडा केला.

भरलेला हंडा. काठोकाठ. मी भरलेला. पाणी फरशीवर सांडलं, माझ्या अनवाणी पायांवरून गेलं आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या गटाराच्या जाळीत गुडूप झालं. मे महिना होता. गाझियाबादचा मे. आमच्या जिन्यातल्या सगळ्या घरांना प्यायचं पाणी एकाच नळातून मिळायचं, तो नळ माझ्या मागच्या अंगणात होता, आणि त्याला धार यायची ती सकाळी, तीही दोन पोळ्या भाजून होईपर्यंत आटायला लागायची.

"काकू, चांगलं होतं हो पाणी," मी म्हणालो. "आधीचं लाल पाणी जाऊ दिलं, मगच भरलं."

"असू दे," काकू म्हणाल्या. "मी भरते ना माझं."

आणि त्यांनी नळाशेजारच्या वाटीतली चिंच उचलली. नळाचं तोंड घासलं. नळाची चावी घासली. मग नळ सोडून दिला आणि स्वच्छ पाणी जाळीत जाताना नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग हंडा विसळला. पुन्हा विसळला. मग भरला.

या सगळ्यावर मी काय केलं असेल?

मी सॉरी म्हणालो.

"सॉरी काकू, उद्या अजून जरा वेळ वाहू देतो." असं. हसून. वर हंडा उचलून त्यांच्या कमरेला लावून द्यायला हात पुढे केला, तर त्या झटकन बाजूला झाल्या. मला वाटलं, या वयात बाई काय चपळ आहे!

आणि ती चिंच? माझी. वाटीही माझी. काकू रोज वरून पुडीत चिंच आणायच्या, तर म्हटलं कशाला त्यांना त्रास, आपणच ठेवू. बाजारातून आणली, बिया काढल्या, भिजवली, वाटीत घालून नळाजवळ ठेवली. तांब्याचा हंडा आहे, घासायला लागत असेल, असा माझा हिशोब. स्वतःला धुऊन काढायचं सामान माणसाने स्वतःच आणून ठेवायचं, तेही बिया काढून. इतका हुशार माणूस तुम्ही बघितला नसेल. आणि मी परीक्षा पास होऊन सरकारी नोकरीला लागलेला होतो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक. तिने हात पुसला आणि आत गेली. तिच्या त्या आत जाण्याचाही मी अर्थ लावला. म्हटलं, पाणी सांडलं म्हणून चिडली असेल.

मी अर्थ लावण्यात पटाईत होतो. तेच सांगतो.

आधी आम्ही सरोजिनी नगरात राहायचो, एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत, पोटभाडेकरू. तिथे नळ मालकाचा, बादली आमची, आणि मालकाच्या अंघोळीनंतर उरलं तर पाणी आमचं. तेव्हा देश खुला होतोय, असं पेपरात रोज यायचं. टीव्हीवर चॅनेलं वाढत होती. हिंडन नदीच्या बाजूच्या शेतांत चार-चार मजल्यांचे डबे उभे राहत होते. कोणी कोणी मिळून सोसायट्या काढत होतं. मीही एका सोसायटीत नाव घातलं. चिठ्ठ्या निघाल्या. मला तळमजला लागला.

ऑफिसात सगळे हळहळले. "ग्राउंड फ्लोअर? मच्छर, चोर और गटर, तीनों आपके," आमच्या सेक्शनमधला एक मित्र म्हणाला. खोटं नव्हतं. वरच्या सगळ्या घरांचे सांडपाण्याचे पाइप माझ्याच अंगणातून खाली उतरायचे. वर कोणी भांडी घासली की माझ्या भिंतीत खळखळ व्हायची. वर कोणी काय खाल्लं, ते मला जाळीवरून कळायचं.

पण उन्हाळा आला आणि माझं नशीब फळफळलं. बोअरचं पाणी मोटरने वरच्या टाकीत जायचं, पण ते मचूळ. त्याने अंघोळ करा, कूलरमध्ये घाला, लादी पुसा, डाळ मात्र शिजायची नाही आणि चहा फाटायचा. गोडं पाणी सरकारी लाइनचं. आणि त्या लाइनला इतका दम नव्हता की ते पायरीसुद्धा चढेल. प्रत्येक जिन्यात एकच नळ जिवंत राहिला. तळमजल्याच्या अंगणातला. मागच्या बाजूला छोटं फाटक होतं, तिथून वरची मंडळी यायची.

रात्री झोपताना मी नळ उघडाच ठेवायचो, खाली पत्र्याची बादली. पहाटे आधी हवा यायची. फुस्स, फुर्र, म्हातारा खोकावा तसा नळ खोकायचा. मी उडी मारून उठायचो. पहिलं पाणी गंजाचं, लाल. ते बायको संडासच्या बादलीत धरायची. मग गढूळ, ते अंगणाला. मग स्वच्छ. आमच्या घरात पाण्याचा थेंब एका कामात मरत नसे. तांदूळ धुतलेलं तुळशीला नाही, आमच्याकडे तुळस नव्हती, मिरचीच्या कुंडीला. भाजी धुतलेलं भांड्यांच्या पहिल्या हाताला. मुलीच्या अंघोळीचं पायपुसण्यांना.

आणि आदल्या संध्याकाळीच वरच्यांच्या बादल्या, कळशा नळापाशी येऊन रांगेत बसायच्या. नंबर लावून. त्यात काकूंचा तांब्याचा हंडा. मी सगळ्यात आधी उठणार, म्हणून मी काही भांडी भरूनही ठेवायचो. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला आवडायचं.

का आवडायचं, तेही सांगतो. माझी आई गावात विहिरीजवळ उभी राहायची. विहिरीजवळ. विहिरीवर नाही. कोणीतरी यावं, कोणालातरी दया यावी, आणि त्याने आपल्या पोहऱ्यातून वरून ओतावं. घागर लांब ठेवून ती मागे सरायची. उन्हात. मी तिच्या पदराआड. आणि आता बघा, राजधानीच्या शेजारी, पक्क्या घरात, सगळ्या जातींची भांडी माझ्या दारात रांग लावून बसलेली! मी त्या भांड्यांकडे सैन्याची पाहणी करतात तसा बघत फिरायचो. लुंगीवर. जिंकलो, असं वाटायचं.

थू.

आता काका-काकू. आमच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. काका मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. जन्म दिल्लीतला. "आम्ही हिंदूरावच्या बाजूचे," ते सांगायचे. "आमचे पूर्वज ग्वाल्हेरहून आले. इथे मराठी राज्य होतं तेव्हापासून आम्ही आहोत." आम्ही सामान उतरवत होतो आणि बायकोने मला मराठीत झापलं, ते ऐकून काका जिना उतरून आले.

"अरे वा! मराठी माणूस!"

आडनाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. सांगितलं.

"अच्छा, अच्छा. म्हणजे... कुठल्यांपैकी?"

तेही सांगितलं. मी लपवत नसे. धाडकन सांगून टाकलं की काम झालं, असा माझा समज. शिवाय पहिल्याच खोक्यातून आमच्या निळ्या कोटातल्या साहेबांचा फोटो निघाला होता आणि बायकोने तो कोणी खिळा शोधायच्या आत खिडकीत उभा केला होता.

"अच्छा," काका म्हणाले. "बिल्कुल. आता कुठे राहिलंय हो ते सगळं."

मी या वाक्यावर इतका खूश झालो की बायकोला ते पुन्हा म्हणून दाखवलं.

काका आमच्याकडे चहा घेत नसत. "आत्ताच घेतला." दर वेळी आत्ताच. मी ठरवून टाकलं, यांना डायबिटीस आहे. बिचारे सांगत नाहीत. मी बिनसाखरेचा चहा केला. "आत्ताच घेतला." मग एकदा हाटातून चांगली कोवळी कारली घेऊन वर गेलो. "काका, रोज सकाळी रस घ्या. शुगर एकदम खाली."

"कोणाची शुगर?" काका म्हणाले.

पण पिशवी घेतली. दोन बोटांनी. वरच्या टोकाला धरून. मला वाटलं, कारल्याचा कडू वास आवडत नसेल. आणि दुसऱ्या दिवशी ती कारली आमच्या झाडूवालीच्या हातात दिसली. मी त्याचाही अर्थ लावला. किती दिलदार माणूस!

मग गणपती. वर आरतीला बोलावलं. बसायला जागा दिली. प्रसाद दिला, वरून, हातावर. आणि सरबत. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात, आम्हाला प्लास्टिकच्या. ते यूज अँड थ्रो पेले तेव्हा नवीनच निघाले होते. पांढरे, पातळ, दाबले की कुरकुरणारे. मी इतका भारावलो! म्हटलं, बाकीच्यांना जुने पेले आणि आपल्याला नवीन फॅशनचे. मी तो पेला फेकला नाही. घरी आणला, धुतला आणि टेबलावर पेनं ठेवायला वापरला. किती तरी दिवस तो माझ्या टेबलावर उभा होता. माझा मान.

देश खुला झाला तेव्हा बाजारात काय काय आलं, ते लोक सांगतात. आमच्यासाठी हे आलं. आता फुटकी कपबशी वळचणीला वेगळी ठेवायची गरज नाही. पाकिटात मिळते. पाहुणा गेला की कचऱ्यात.

हे मला कळलं ते बायकोमुळे. हंडा उपडा झाला त्याच सकाळी. काकू वर गेल्या, नळ आटला, मी पायांवरचं पाणी पुसत आत आलो. बायको पोळी उलटत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही, का नाटक करता?"

"काय?"

"ती चिंच हंड्याला नसते. नळाला असते."

"अगं, नळ पण पितळेचाच आहे."

तिने तवा खाली ठेवला. गॅस बंद केला नाही, तवा खाली ठेवला. "समोरच्या मल्होत्रा आंटी नळाला हात लावतात, त्यानंतर काकू घासतात? कधी बघितलंत? त्या पेल्यात पेनं ठेवता ना, दुसऱ्या कोणाला दिला होता तसा पेला? एक नाव सांगा."

मी एक नाव शोधत उभा राहिलो.

"तू उगाच," मी म्हणालो. "शिकलेली माणसं आहेत. दिल्लीतली."

"बरं," ती म्हणाली, आणि तवा परत गॅसवर ठेवून पोळी टाकली.

तिच्या त्या 'बरं'ने मी दिवसभर अस्वस्थ. पण माझा स्वभाव खोडकर. म्हटलं, परीक्षा घेऊ. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ खोकला. मी उठलो. लाल पाणी गेलं, गढूळ गेलं. मी काकूंचा हंडा घेतला, या हातांनी विसळला, या हातांनी भरला, आणि बाजूला ठेवून पेपर वाचत बसलो. मल्होत्रा आंटी, आमच्या समोरच्या जिन्यातल्या पंजाबी बाई, कधीकधी इकडे पाणी भरायला यायच्या. त्या दिवशी आल्याही नव्हत्या.

काकू फाटकातून आल्या. भरलेला हंडा बघून थबकल्या.

"आंटींनी भरून ठेवलाय," मी पेपरातून म्हणालो. "म्हणाल्या, भाभीजींची कंबर दुखते."

काकूंचा चेहरा उजळला. "अच्छा? किती करते हो बिचारी! असा शेजार हवा."

हंडा उचलला. चिंच नाही, विसळणं नाही, ओतणं नाही. कमरेवर घेतला आणि जिना चढल्या. गुणगुणत.

मला हसू फुटलं. मी चार्टर्ड बसमध्ये खिडकीजवळ बसून एकटाच हसत होतो. हिंडनचा पूल गेला, यमुनेचा पूल गेला, मी हसतोय. आज काकांच्या देवांची अंघोळ माझ्या पाण्याने. काकूंचा भात माझ्या पाण्यात. काकांची गोळी माझ्या पाण्याबरोबर. म्हटलं, वा रे पठ्ठे! असं रोज करायचं. जन्मभर करायचं. त्यांना कळणारही नाही.

दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि हसू गेलं. म्हणजे माझं पाणी चालत होतं. मी चालत नव्हतो. माझी अंगमेहनत चालत होती, माझी झोपमोड चालत होती, माझं अंगण चालत होतं. फक्त वर नाव दुसऱ्या कोणाचं हवं. आणि ते नाव मीच चिकटवून दिलं होतं. चोरून जिंकलो म्हणजे काय केलं? ते सांगतात तसंच वागलो. लपून.

तरी मी गप्प बसलो असतो. मी स्वतःला ओळखतो. काहीतरी अर्थ लावला असता, पुढे गेलो असतो. पण संध्याकाळी घरी आलो आणि मागच्या अंगणात मित्रा खेळत होती.

मित्रा माझी मुलगी. संघमित्रा. तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. ती भातुकली मांडून नळाजवळ बसली होती. नळ कोरडा. तिने वाटीतली चिंच घेतली आणि नळाचं तोंड घासलं. मग चावी घासली. नीट, मन लावून, काकूंसारखी ओठ दुमडून. मग तिची बाहुली तिने उचलली आणि भिंतीपाशी नेऊन उभी केली.

"लांब उभी राहा बेटा," ती बाहुलीला म्हणाली. "पाणी उडेल."

हे वाक्य काकूंचं. काकू रोज मित्राला म्हणायच्या. मला वाटायचं, किती जपतात पोरीला. कपडे भिजतील म्हणून. आणि मला तेव्हाच आठवलं की हल्ली काकूंना ते म्हणावंच लागत नाही. काकू फाटकातून आल्या की मित्रा आपणहून भिंतीला चिकटते. मी ते रोज बघत होतो. मला ते शहाणपण वाटत होतं.

माझी आई मागे सरायची. तिला माहीत होतं ती का सरते. माझी मुलगी मागे सरत होती आणि तिला वाटत होतं, हा खेळ आहे.

मला किळस आली.

हे कसं सांगू? किळस ही आजवर त्यांची गोष्ट होती. त्यांना यायची, आमची. आमच्या हाताची, भांड्याची, सावलीची. आम्हाला राग यायचा, लाज यायची, रडू यायचं. किळस नाही. किळस यायला माणूस वरच्या पायरीवर असावा लागतो, असंच जणू आम्ही धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी ती मला आली. आंबट. त्या चिंचेची. त्या वाटीची, जी मीच ठेवली होती. 'बिल्कुल'ची. 'आत्ताच घेतला'ची. दोन बोटांत धरलेल्या पिशवीची. त्या गोड आवाजाची. आणि सगळ्यात जास्त त्या माणसाची, जो हे सगळं कळू नये म्हणून रोज नवा अर्थ लावत होता. त्याची तर इतकी आली की आरशात बघवेना.

मी चपला घातल्या आणि वर गेलो.

काकूंनी दार उघडलं. अर्धं. नेहमीसारखं. आतून उदबत्तीचा वास.

"काकू, सकाळचा हंडा आंटींनी नव्हता भरला. मी भरला."

"काय?"

"या हातांनी. आधी विसळला, मग भरला."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग त्यांचं एक बोट ओठांवर गेलं आणि तिथेच राहिलं. "पण मी त्याच्यात देवांची..." असं म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "असं खोटं बोलतं का कोणी? ब्राह्मणाच्या घरात?"

"खोटं बोललो," मी म्हणालो. "खरं सांगायलाच आलोय."

दार लागलं. जोरात नाही. हळूच, कडी न वाजवता. ती माणसं सभ्य होती.

मी खाली उतरून अंगणात आलो तोवर पाइप बोलायला लागला होता. आधी हंडा गेला असणार, कारण मोठी खळखळ आली. मग कळशी. मग माठ असावा, बराच वेळ चाललं. मग बाटल्या, गटागटा, एकामागून एक. माझ्या भिंतीतून उतरून सगळं पाणी माझ्याच अंगणात, माझ्याच पायांशी, जाळीच्या तोंडातून गटारात. गोडं पाणी. मे महिन्यात. सबंध जिना एकेका कळशीवर दिवस काढत होता आणि वर पाणी गटारात ओतलं जात होतं, कारण ते माझ्या हातचं होतं. जाळीतून वास उसळला. उष्ट्याचा, साबणाचा, शेवाळाचा.

मित्रा कान देऊन ऐकत होती. "मम्मी, वर काय धुतायत?"

बायको दोरीवरचे कपडे काढत होती.

"आपल्याला," ती म्हणाली.

तासाभराने काका आले. पुढच्या दाराने. हे पहिल्यांदाच. पाणी भरायला मागचं फाटक, बोलायला पुढचं दार. ते खुर्चीच्या काठावर बसले.

"हे बघा," ते म्हणाले, "ती जुन्या वळणाची आहे. मी तिला बोललो. तुम्ही शिकलेले आहात, समजून घ्या. आपण मराठी माणसं. इथे परक्या मुलखात आपणच आपापसात असं करायला लागलो, तर हे यूपीवाले काय म्हणतील?"

मी पंखा चालू केला.

"मला स्वतःला काही नाही हो. मी ऑफिसात सगळ्यांबरोबर काम केलंय. तुमच्यातले कित्येक माझ्या हाताखाली होते."

"अच्छा," मी म्हणालो.

"तर मी म्हणतो, पाइपला एक टी लावून, म्हणजे फाटा काढून, नळ भिंतीबाहेर घेऊ. कॉमन. सोसायटीतर्फे. तुमच्या मिसेसलाही प्रायव्हसी. सकाळी सकाळी लोक अंगणात येतात, बरं दिसत नाही."

काय गोड बोलणं! एरवी मी याचाही अर्थ लावला असता. आमच्या प्रायव्हसीची किती काळजी! मी उठलो. टेबलावरच्या प्लास्टिकच्या पेल्यातून पेनं काढली. आत जाऊन पेला विसळला, आमच्या माठातलं पाणी त्यात भरलं आणि काकांसमोर ठेवला.

"घ्या, काका."

"आत्ताच..."

"पेला तुमचाच आहे. तुमच्याच घरचा. गणपतीला दिला होतात."

काकांनी पेल्याकडे बघितलं. ओळखला त्यांनी. पातळ प्लास्टिकमधून पाणी हलताना दिसत होतं. मल्होत्रा आंटींच्या नावाने हेच पाणी सकाळी त्यांच्या पोटात गेलं होतं, आणि त्यांना काही झालेलं नव्हतं. त्यांचा हात गुडघ्यावरून उठला. थोडासा. मी बघत होतो. बायको दारात होती, मित्रा तिच्या पुढे. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत होतो. मी तेव्हाही, त्या क्षणीही, मूर्खासारखी आशा करत होतो की घेतील.

हात परत गुडघ्यावर गेला.

"तुम्ही फार मनाला लावून घेता," काका म्हणाले आणि उठले. "नळाचं मीटिंगमध्ये ठेवतो."

"ठेवा. मीही तिथे सांगतो नळ कशासाठी हलवायचाय. हिंदीत सांगतो. सगळ्या यूपीवाल्यांना कळेल असं."

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा काही खरं दिसलं. भीती. सेक्रेटरीची.

"आणि काका," मी म्हणालो, "पाणी मी कोणाला नाही म्हणणार नाही. ते आमच्यात करत नाहीत. नळ इथेच राहील. कुलूप नाही, काही नाही. पण उद्यापासून भरून मी देणार. ज्याला हवं त्याने भांडं पुढे करावं. माझ्या हाताने, नाहीतर नाही. आणि कोणाचं नाव घेऊन नाही, चोरून नाही. सगळ्यांसमोर."

ते गेले. पेला तसाच राहिला. त्यातलं पाणी बायकोने मिरचीच्या कुंडीत घातलं. पेला कचऱ्यात. आमचं घर आहे, यूज झाला, थ्रो केला. चिंचेची वाटी मी घासली, चिंच फेकली. वाटी चांगली होती. वाटीचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ खोकला. मी मित्राला उठवलं. बायको म्हणाली, झोपू द्या तिला. मी म्हटलं, नको.

मल्होत्रा आंटी आल्या. मी बादली मागितली. "भाई साब, आप भर दोगे? जीते रहो, मेरी तो कमर बच गई," असं म्हणत त्यांनी बादली माझ्या हातात दिली. त्यांना काही माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनीही आमच्याकडे कधी चहा घेतलेला नाही, हे मला बादली भरता भरता आठवलं. तेही बघायचंय. एकेक करून.

मग काकू. तांब्याचा हंडा छातीशी धरून फाटकात उभ्या. मित्रा सवयीने भिंतीकडे सरकली.

"मित्रा," मी म्हणालो, "इकडे ये. नळाला हात लाव."

तिने माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं.

"लाव. आपला नळ आहे."

ती आली. तिने चावी धरली. धार खाली पडत होती, तिने तिच्यात दुसरा हात घातला आणि पाणी उडालं. माझ्यावर, तिच्यावर, फाटकाच्या दिशेनेही.

"काकू, हंडा द्या," मी म्हणालो आणि दोन्ही हात पुढे केले.

काकू हलल्या नाहीत. मी हात मागे घेतले नाहीत. खाली रिकामी बादली होती, तिच्यात धार पडत होती, एक थेंब वाया जात नव्हता. वरच्या मजल्यांवरून लोक उतरत होते, फाटकात रांग लागत होती, कोणीतरी म्हणालं, "चलो भाभीजी, जल्दी, पानी चला जाएगा." काकूंनी त्या माणसाकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला दिसलं. आतून काहीतरी म्हणालं, जाऊ दे, म्हातारी बाई आहे, बाजूला हो, भरू दे तिला तिचं. ते माझं जुनं अर्थ लावणारं कारटं. मी त्याला ओळखतो. मी हलायचं नाही, असं ठरवून उभा राहिलो.

त्या रिकामा हंडा घेऊन जिना चढल्या. मचूळ पाण्याकडे.

मी पुढच्या माणसाची कळशी घेतली.

धार उद्याही येईल. हंडा घेऊन त्या उद्या येतील, नाहीतर मचूळ पितील, नाहीतर काका माणूस लावून दुसरीकडून आणवतील. ते त्यांचं त्यांनी बघावं. माझं ठरलं आहे. मी अर्थ लावणार नाही. नळ मित्रा उघडेल. भरीन मी. आणि या अंगणात आमच्यातलं कोणी मागे सरणार नाही.